उंची परत माप

बेळगावच्या त्या दुकानात मी समोरच्या माणसाला चांगला जेरीला आणला होता, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या दोघांच्या मधे गाडी उचलायची लिफ्ट पडली होती. कैचीसारखी उघडणारी, मिटली की जमिनीला चिकटून बसणारी, ठेंगण्या छपराखाली चालेल अशी. मी तिला नावं ठेवत होतो. रंग बघा कसा दिलाय, पंप केवढासा, उद्या नळी फुटली तर मी कुणाच्या दारात जाऊ... खरं तर मला हीच हवी होती. पण हवी आहे हे तोंडावर दिसू दिलं की आपण मेलो, हे मी फार लहानपणी शिकलो. फोनवर कुंभारवाड्याकडच्या वाडीतले धाकूकाका होते. त्यांच्याकडे रेंज फक्त टेकाडावर काजूच्या झाडाखाली येते, म्हणून ते नेहमी धापा टाकतच बोलतात. त्या दिवशी धाप जरा जास्त होती. म्हणाले, "सावकार, पुरसो गेला रे. पहाटंला. तू ये." आणि रेंज गेली.

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. दुकानदाराला वाटलं, हा याचा नवा डाव. त्यानं किंमत थोडी खाली आणली. मी गप्प. आणखी खाली आणली. मी त्याच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत होतो. मी मागितली होती त्याच्याही खाली तो आपणहून उतरला, आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "आता तरी कायतरी बोला की ओ मालक." इतका स्वस्त सौदा मी उभ्या जन्मात केला नव्हता. मी म्हणालो, "टेंपोत चढवा."

का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. ज्याच्यासाठी ती लिफ्ट घ्यायची होती तो माणूस पहाटेच संपला होता.

हे लिहायला मला सांगितलं तेव्हा सांगणाऱ्याला वाटलं असेल, मित्राबद्दल चार चांगले शब्द लिहीन. तेवढं माझ्याकडून होणार नाही. माझी पुरसोवर तक्रार आहे. ती ऐकायला तो नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी रामनगरचा. आमचं मूळ खानापुराकडचं, पण तिथं आमच्या नावावर काही उरलं नव्हतं. जुन्या जीपा मोडीत घ्यायच्या, त्यांचे सुटे भाग विकायचे, हा माझा धंदा. आज दुकान आहे, टेंपो आहे, लोक सावकार म्हणतात. सुरुवात केली तेव्हा एक गोणपाट होतं. जोयड्याच्या आठवडी बाजारात ते अंथरून मी बसायचो. तिथं पुरसो पहिल्यांदा आला. उंच, काटक, हाताची नखं ग्रीसनं काळी. त्याला जीपच्या पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं, एक पान हवं होतं. मी किंमत सांगितली. आता तो निम्मी सांगणार, मी कपाळावर हात मारणार, मग आम्ही मधे कुठंतरी येणार... बाजार असाच चालतो. पुरसोनं पान उलटंसुलटं करून पाहिलं, परत गोणपाटावर नीट ठेवलं आणि चालू लागला. रागानं नाही. किंमत जास्त वाटली, म्हणून गेला. मला इतका संताप आला की मी दुकान तसंच टाकून त्याच्या मागं धावलो. "अरे, तू काय देणार ते तरी बोल की." तो म्हणाला, "तुला किती लागतात ते तुला ठाव. मी कसं सांगू?" त्या दिवशी मी त्याला पान घेतल्या भावानं दिलं. लोकांना मी ओरबाडतो असं ऐकलं असेल तुम्ही. मला उघडा पाडणारा तेवढा एकच गडी भेटला, आणि त्यासाठी त्याला काही बोलावंही लागलं नाही.

त्याची वाडी कुंभारवाड्यापासून आत. बस दिवसातून एकदाच येते आणि जाते, तीही पावसात आली तर आली. आजूबाजूच्या पाड्यांवर बाळंतीण न्यायची, तांदूळ आणायचा, आजारी माणूस जोयड्याला पोचवायचा तर जीप लागते, आणि त्या भागातली प्रत्येक जीप पुरसोच्या हातावर चालायची. जंगलात कुठं बंद पडली की निरोप यायचा आणि हा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालत निघायचा. घरी त्याचं गॅरेज होतं, म्हणजे जुना गोठा. गुरं पलीकडे हलवून त्यानं दार रुंद केलं होतं. दारावर मत्तीच्या लाकडाची जाडजूड तुळई, तशाच तुळया आत, वर फळ्यांचा माळा. माळ्यावर वाडीतल्या सगळ्या घरांचं बियाणं, पेंढ्यात घट्ट आवळून बांधलेले भाताचे मुडे. खाली गाडी, वर बी. उंदीर पुरसोच्या डिझेलच्या वासाला भितात, असं वाडीतल्या बायकांचं म्हणणं होतं.

त्या दाराची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुरसोनं स्वतःची जीप घेतली, तिच्या टपावर लोखंडी कॅरिअर बसवलं आणि दार तिच्या मापानं केलं. दिवस सुगीचे होते. गाडी भातानं भरलेली, वर माणसं. त्यानं दोरी धरून उंची घेतली ती त्या भरल्या गाडीची. भरली गाडी पाट्यांवर खाली बसलेली असते, हे जन्म जीपखाली काढलेल्या या माणसाच्या लक्षात आलं नाही. तुळई चढली, गाडी झोकात आत गेली, पोती उतरली... आणि पाटे सुटे होऊन गाडी चार बोटं वर आली. सकाळी बाहेर काढायला गेला तर कॅरिअर तुळईला अडलेलं. गोठ्यात म्हैस अडकावी तशी जीप अडकली. शेवटी शेजारचे लोक आत बसवले, गाडी दबली आणि निघाली.

मी सांगितलं, तुळई तासून घे. नाही. कॅरिअर काप. नाही. चाकांतली हवा सोड. "मग भरायची कुणी, तू?" त्यापेक्षा तो अंगणात उभा राहून आरोळी द्यायचा, "बसा रे!" की धाकूकाका हातातला कोयता ठेवून यायचे, बायका चुलीवरचं उतरवून यायच्या, जो असेल तो येऊन बसायचा. मी तिथं असलो की माझी जागा पुढं, त्याच्या डाव्या बाजूला. अंग जड आहे माझं, त्याचा तेवढा एक उपयोग. गाडी बाहेर आली की सगळे उतरायचे, वहिनी चहा टाकायच्या आणि अर्धा तास कुणी हलायचं नाही. मी चिडून म्हणायचो, एका दाराच्या चुकीपायी आख्ख्या वाडीचं काम खोळंबतं. पुरसो बंपरवर बसून बशीतला चहा फुंकायचा. एकदा म्हणाला, "तुळई तासली तर ही माणसं कशाला येतील माझ्याकडं सकाळी-सकाळी?"

त्याची पाठ दुखायला लागली ती गेल्या सुगीनंतर. तो आयुष्यभर गाडीखाली उताणा पडून काम करत आला. खाली गोणपाट, गोणपाटाखाली ओली जमीन, आणि आमच्याकडचा पाऊस. मला त्यात नवल वाटलं नाही. मी म्हटलं, आता पुरे. शहरात आता मेकॅनिक उभ्यानं काम करतात, गाडी वर, माणूस खाली. तुलाही लिफ्ट आणतो. आधी आम्ही खड्डा खणून पाहिला. वळवाच्या पहिल्याच सरीनंतर खाली पाझर फुटला, खड्डा काठोकाठ भरला. पुरसो वाकून बघत म्हणाला, "आता बेडूकच करतील सर्व्हिसिंग." छप्पर उचलूया म्हटलं तर त्यानं वर बोट केलं. बियाणं कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर? त्या तुळया आणि तो माळा सोडून जी काही उंची होती तेवढ्यातच लिफ्ट बसवायची, असं ठरलं.

माझा स्वभाव असा की एकदा एखाद्या वस्तूच्या मागं लागलो की झोप लागत नाही. मी हुबळी पालथी घातली, बेळगाव पालथं घातलं. आधी दोन खांबांची लिफ्ट बघितली. तिला वरून आडवा दांडा असतो, तो आमच्या माळ्याच्याही वर गेला असता. मग वर दांडा नसलेली, खांब खालून जोडलेली सापडली. मी तिचा फोटो घेऊन नाचत गेलो. पुरसोनं फोटो बघितला, माळ्याकडे बघितलं. "सावकार, तू लिफ्टची उंची बघायलास. उचललेल्या गाडीच्या टपाची बघ." बरोबर होतं. खांब मावत होते, पण गाडी वर गेली की कॅरिअर बियाण्यात घुसलं असतं. म्हणजे उभं राहून काम करणं या छपराखाली कधीच जमणार नव्हतं. हे एकदा मान्य केलं आणि मी कमी उचलणाऱ्या लिफ्ट बघायला लागलो. स्टुलावर बसून काम करता येईल एवढी उचलली तरी बस्स. पाठ ताठ तर राहील.

एका दुकानदारानं सांगितलं, तसली लिफ्ट मातीत रुतेल, खाली पक्की जमीन लागते. मी लगेच गवंडी नेऊन गोठ्यात दारापासून आतपर्यंत जाडसर कोबा घालून घेतला. कोबा सुकला, पुरसोनं भरली गाडी आत घेऊन रिकामी केली... आणि दुसऱ्या दिवशी ती हलेना. लिफ्टसाठी मजबूत केलेल्या जमिनीनं लिफ्टसाठीच जपायची उंची खाऊन टाकली होती. आधी पाच-सहा जणांवर भागायचं, आता वाडीतलं यच्चयावत माणूस बसवावं लागायचं. मी गवंड्याला शिव्या दिल्या, सिमेंटला दिल्या. पुरसो कोबा ओतताना पूर्ण वेळ शेजारी उभा होता. मी त्याच्यावर धावून गेलो, तुला दिसत नव्हतं का? "दिसत हुतं की." मग बोलला का नाहीस? तो हसला फक्त. बसायला आता जास्त माणसं येत होती, त्याला बरं वाटत होतं.

त्यानंतर प्रत्येक लिफ्टला त्याचं एकच उत्तर. मी फोटो दाखवायचो, मापं वाचून दाखवायचो, तो डोळे बारीक करून ऐकायचा आणि म्हणायचा, "उंची परत माप." मी टेप काढायचो. तो बंपरवर बसून बघायचा. हळूहळू तो बंपरवरच जास्त बसायला लागला. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. हात पाठीवर गेला की लगेच काढून घ्यायचा, कुणी बघत नाही ना याची खात्री करून. मला ते दिसायचं. वाटायचं, लवकर लिफ्ट बसली पाहिजे, या पावसाआधी बसली पाहिजे, हा माणूस त्या ओल्या जमिनीवरून उठला पाहिजे. एकदा तो आणि वहिनी दोन दिवस घरी नव्हते. परत आल्यावर म्हणाला, खानापूरला लग्नाला गेलो होतो. आषाढात. दुकानात मी कुणाचा शब्द धरत नाही, आणि आषाढात लग्नाला गेलो म्हणणाऱ्या माणसाचा शब्द मी धरला. त्यानं माझ्याशी कधी व्यवहारात खोटं केलं नव्हतं, म्हणून धरला. शेवटी ही कैचीची लिफ्ट सापडली, तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. मापं फोनवर सांगितली. आवाज खोल गेला होता त्याचा. म्हणाला, "ही बसल असं वाटतंय. तरी पण सावकार... उंची परत माप."

मी पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. माझ्यासाठीच थांबले होते. टेंपो आत घेतला तसे सगळे मागच्या लिफ्टच्या पेटीकडे बघायला लागले. काय आणलंस, कुणीही विचारलं नाही. वाडीला गेल्या कित्येक महिन्यांत त्या लिफ्टशिवाय दुसरं काही ऐकायला मिळालं नव्हतं. पुरसो पडवीत निजवला होता. उताणा. मी आयुष्यभर त्याला तसाच बघितला होता, गाडीखाली, फक्त पाय बाहेर. पहिल्यांदाच त्याच्यावर गाडी नव्हती.

वहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि बडबडायला लागलो. एक आठवडा मिळाला असता तर, लिफ्ट बसली असती तर, पाठीला आराम पडला असता तर... त्यांनी मला थोडा वेळ बोलू दिलं. मग सांगितलं. दुखणं पाठीचं नव्हतंच. मणक्यात गाठ होती, ती पसरली होती. आषाढात लग्नाला गेले ते बेळगावच्या डॉक्टरकडे. डॉक्टरनं तेव्हाच हात टेकले होते. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? माझा आवाज चढला होता. मयताच्या घरी मी ओरडत होतो, मला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "त्येंनी शपत घातली हुती, भावजी. म्हनले, सावकाराला कळलं तर तो डागदराशीबी घासाघीस करत बसंल. त्येला लिफ्टच बघू दे."

व्हय, बसलो असतो. डॉक्टरच्या पायरीवर बसलो असतो. दुकान विकलं असतं, मुंबईला नेलं असतं, एका डॉक्टरनं नाही म्हटलं तर दुसऱ्याकडं गेलो असतो, त्यानं वर्ष सांगितलं असतं तर दोन मागितली असती. मला तेवढंच येतं. जे एकच काम मला येतं ते त्यानं माझ्याकडून काढून घेतलं आणि हातात टेप दिली. लिफ्ट कधीच लागणार नाही हे ठाऊक असून तो बंपरवर बसून मला मापं घ्यायला लावत राहिला. ही माझी तक्रार. लोक म्हणतात, तुला त्रास होऊ नये म्हणून केलं. मला त्रास हवा होता. माझ्या वाटणीचा तो त्रास होता, आणि त्यानं मला न विचारता तो एकट्यानं नेला.

पावसाची उघडीप बघून त्याला उचलला. मी एका बाजूला खांदा दिला. किती हलका झाला होता... परत आल्यावर त्याच माणसांनी न सांगता टेंपोतली पेटी उतरवली आणि अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली ठेवली.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी निरोप पाठवला. म्हणाल्या, आणलीच आहे तर बसवा ती, पेटी पावसात कुजायला नको. लिफ्ट बसवायची तर आधी जीप बाहेर यायला हवी. तिला त्यानंच शेवटची आत घातली होती, आणि तेव्हापासून ती तशीच उभी होती, कॅरिअर तुळईला अडेल अशी. मी अंगणात उभा राहिलो. आरोळी द्यायची होती, पण ती माझ्या तोंडात बसेना. देण्याची गरजही पडली नाही. धाकूकाका आले, बायका आल्या, एकेक करून सगळे आत जाऊन आपापल्या जागी बसले. मी चालवायला बसलो. पुरसोची जागा. स्टिअरिंगला त्याच्या हाताचं ग्रीस अजून होतं. गाडी सुरू केली, मागं घेतली... आणि वर खरकन आवाज झाला. कॅरिअर तुळईला लागलं होतं. मी गाडी पुढं घेतली, परत मागं. परत खरखर. सगळे होते. एकूण एक माणूस आलं होतं.

मागून धाकूकाका हळू म्हणाले, "एक माणूस कमी हाय रे."

सगळ्यांची नजर माझ्या डाव्या बाजूला गेली. रिकामी जागा माझी होती. कमी तो होता. कुणीतरी उतरून माळ्याखालचं भाताचं पोतं ओढत आणलं आणि त्या जागेवर ठेवलं. गाडी दबली, तुळई आणि कॅरिअर यांच्यात उजेडाची बारीक फट दिसायला लागली. वाट मोकळी झाली होती. पाय क्लचवर होता, आणि तो मला सोडवेना. मी त्या पोत्याकडे बघत बसलो. मग किल्ली फिरवून गाडी बंद केली. उतरताना धाकूकाका म्हणाले, "असू दे. सुगीला काढू." वहिनींनी चहा टाकला. सगळे बसले, अर्धा तास, रोजच्यासारखे. बंपरवर कुणी बसलं नाही.

आता भात पिवळं पडायला लागलंय. पेटी अजून ताडपत्रीखाली आहे. तुळईवर खरचटल्याची ताजी पांढरी रेघ आहे, मी गेलो की आधी तिच्यावर हात ठेवतो. बेळगावचा दुकानदार अधूनमधून फोन करतो, माणूस कधी पाठवू, लिफ्ट बसवायची आहे ना. मी त्याला सांगतो, थांब जरा. उंची परत मापायची हाय.